दोन पाट्या

मंडळी, आपल्या मराठीत पाटी हा शब्द एकच आहे, पण पाट्या दोन आहेत. एक पाटी लिहायची. तिच्यावर आपण अक्षर काढतो. दुसरी पाटी वाहायची. तिच्यात माती भरतात, खडी भरतात आणि ती डोक्यावर घेतात.

ज्या पोराच्या हातात पहिली पाटी असायची, त्याच्या डोक्यावर दुसरी पाटी कशी येते? आजच्या धड्यात आपण हे पाहणार आहोत. धडा दगडखाणीचा आहे. पण वीटभट्टीवर, ऊसतोडीवर किंवा वाळूच्या कामावर जाणाऱ्यांनीही तो वाचावा. गोष्ट सगळीकडे थोडीफार सारखीच आहे.

लहान खाण

रस्त्याच्या डांबराखाली खडी असते. घराच्या स्लॅबमध्ये खडी असते. पुलाच्या खांबात आणि आगगाडीच्या रुळांखालीही खडीच असते. ही खडी डोंगर फोडून काढतात. डोंगर फोडायची जागा म्हणजे दगडखाण. कोणी तिला खदान म्हणतात.

काही खाणी मोठ्या असतात. तिथे यंत्रे असतात, कचेरी असते, हजेरीचे पुस्तक असते. पण पुष्कळ खाणी लहान असतात. गावाबाहेरच्या टेकाडाला एक खड्डा, दोन-चार ट्रॉल्या, एक खडी क्रशर आणि कडेला पत्र्याच्या झोपड्या, एवढाच त्यांचा पसारा.

दगड, मुरूम आणि वाळू यांना सरकारी भाषेत गौण खनिज म्हणतात. गौण म्हणजे कमी महत्त्वाचे. १९५७ सालच्या कायद्याने या खनिजांचे नियम करायचे काम राज्य सरकारांकडे दिले. खाण चालवायला सरकारी परवाना लागतो आणि सरकारात पैसे भरावे लागतात. पण कुठे परवाना संपलेला असतो आणि खाण चालूच असते. कुठे परवाना एका जागेचा आणि खणणे दुसऱ्या जागेचे. कुठे परवानाच नसतो.

अशा खाणीवर वर मालक, त्याच्याखाली ठेकेदार, त्याच्याखाली मुकादम आणि सगळ्यांखाली मजूर. मजुराचे नाव बहुधा कोणत्याच कागदावर नसते. आता सांगा, ज्याचे नाव कुठे लिहिलेलेच नाही, त्याचे गाऱ्हाणे कोण ऐकणार? आणि बापाचेच नाव जिथे नाही, तिथे त्याच्या पोराची मोजदाद कोण करणार?

आपल्याकडे वडार समाजाची पुष्कळ कुटुंबे पिढ्यान् पिढ्या दगडाचे काम करीत आली आहेत. त्यांच्या हातची देवळे, घाट आणि विहिरी अजून उभ्या आहेत. आता त्यांच्या जोडीला दुष्काळी गावांतली इतर माणसेही खाणीवर येतात. कोणी हौसेने येत नाही. पाऊस गेला, रान वाळले, की माणूस पोटामागे चालू लागतो.

शाळा एका दिवसात सुटत नाही

मी पुष्कळ वर्षे मास्तरकी केली. मुलाची शाळा सुटणार हे हजेरीपट आधी सांगतो. जूनपासून दसऱ्यापर्यंत पोर ओळीने हजर. दिवाळीची सुट्टी संपते आणि पोर ओळीने गैरहजर. आईबाप खाणीवर गेले, त्यांच्यामागे पोर गेले. नाव गावच्या शाळेत राहिले आणि मूल खाणीवर. पाडव्यानंतर, नाहीतर जूनमध्येच, ते परत येते. तोवर त्याच्या बरोबरीची पोरे भागाकाराला लागलेली असतात आणि हे अजून हातच्याच्या बेरजेवर असते.

खाणीवर गेल्यावर काय होते? आपण एकेक पायरी पाहू.

पहिली पायरी. खाणीजवळ शाळा नसते. असली तरी वाटेत खडीच्या ट्रकांचा रस्ता असतो. आई म्हणते, "एकट्याला कसं धाडू?"

दुसरी पायरी. आईबाप दोघेही कामावर असतात. धाकटे बाळ कोण धरणार? थोरली पोरगी. ती असते सात-आठ वर्षांची. माझ्या गावाजवळच्या खाणीवर मी एका बाईला म्हटले, "बाई, पोरीला शाळेत धाडा." ती म्हणाली, "गुरुजी, मी घण मारू का बाळ धरू, तेवढं सांगा." तिचे काही चुकत नव्हते. म्हणून नुसते "शाळेत धाडा" एवढे सांगून भागत नाही. बाळाची सोय झाली तरच पोरीची शाळा होते.

तिसरी पायरी. पोर रिकामे बसले आहे असे वाटते. मग "जरा पाणी आण", "जरा टिकाव दे" असे सुरू होते. पुढे सांडलेली खडी गोळा करायची. पुढे पाटी उचलून द्यायची. याला कोणी काम म्हणत नाही. "हाताखाली असतो," असे म्हणतात.

चौथी पायरी. पोराच्या हाताला पैसा दिसू लागतो. मग घराचा हिशेब त्याला धरूनच होतो.

पाचवी पायरी. तीन-चार वर्षे गेली. आता पोर बारा वर्षांचे झाले. त्याला दुसरीच्या मुलांत बसवले तर ते लाजते. ते स्वतःच म्हणते, "मला नाही जायचं." आईबाप सांगतात, "आम्ही म्हणतो, पण त्यालाच आवड नाही."

आवड नाही असे नाही, मंडळी. पाच पायऱ्या उतरून ते खाली आले आहे. वर चढायला त्याला कोणी हात दिलेला नाही.

पोर कमावते, ते जाते कुठे?

आता पैशाचे पाहू. आईबाप म्हणतात, "गुरुजी, पोर हाताखाली नसलं तर भागत नाही." हे खोटे नाही. पण पोराच्या हाताने वाढलेली कमाई खरोखर घरी येते का? आपण हिशेब करू. वही काढा.

खडी ब्रासवर मोजतात. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. घनफूट काढायचे तर लांबी, रुंदी आणि उंची यांचा गुणाकार करायचा.

समजा, एक ट्रॉली १० फूट लांब आहे, ५ फूट रुंद आहे आणि तिची फळी २ फूट उंच आहे.

१० × ५ × २ = १००

म्हणजे फळीबरोबर भरली तर ट्रॉली १ ब्रासची झाली.

पण मुकादम म्हणतो, "अजून टाका, अजून टाका." फळीच्या वर अर्धा फूट खडी जाते. त्या अर्ध्या फुटाचे माप काढू.

१० × ५ × अर्धा = २५

म्हणजे पाव ब्रास जास्त गेली. लिहिताना मात्र एकच ब्रास लिहितात. चार खेपांना असे झाले तर चार पाव म्हणजे १ ब्रास झाली. काम ५ ब्रासचे आणि पैसे ४ ब्रासचे.

आता नीट विचार करा. नवराबायकोच्या हाताने ४ ब्रास होते. पाचवी ब्रास व्हावी म्हणून पोराला हाताखाली घेतले. पोराने दिवसभर दगड उचलले. आणि जी ब्रास मापात आलीच नाही, ती तीच पाचवी ब्रास! पोराची शाळा गेली, त्याचा दिवस गेला आणि घरात एक पैसा वाढला नाही.

सगळेच मुकादम असे करतात असे मी म्हणत नाही. पण जिथे मजुराला माप येत नाही, तिथे माप वाढायला वेळ लागत नाही.

दुसरी गोष्ट उचलीची. काम सुरू व्हायच्या आधी ठेकेदार उचल देतो. लग्नाला, दवाखान्याला, पावसाळ्यात खायला. उचल किती घेतली, किती फिटली, हे ठेकेदाराच्या वहीत असते. मजुराच्या घरी वही नसते. हंगाम संपतो आणि मुकादम सांगतो, "अजून इतके राहिले." उचल फिटली नाही की पुढच्या वर्षी परत त्याच खाणीवर जायचे. पोराचीही वाट तीच.

म्हणजे हे रहाटगाडगे असे फिरते. बापाला हिशेब येत नाही म्हणून उचल फिटत नाही. उचल फिटत नाही म्हणून पोर खाणीवर. पोर खाणीवर म्हणून त्याला हिशेब येत नाही. ते उद्या बाप होते आणि उचल घेते.

ही गोष्ट फक्त दगडाची किंवा फक्त महाराष्ट्राची नाही. झारखंडात कोडरमा आणि गिरिडीह हे जिल्हे अभ्रकासाठी प्रसिद्ध आहेत. अभ्रक म्हणजे चकचकीत, पापुद्र्यांचा दगड. तो विजेच्या सामानात, रंगांत आणि तोंडाला लावायच्या पावडरीतही वापरतात. तिथल्या पुष्कळ जुन्या खाणी बंद पडल्या. आता जंगलातून आणि जुन्या बिळांतून माणसे अभ्रकाचे तुकडे वेचतात. त्या तुकड्यांना तिथे ढिबरा म्हणतात. लहान बोटे हे काम चपळाईने करतात, म्हणून मुलेही वेचतात. व्यापारी तोलून घेतो. तराजू त्याचा आणि भावही त्याचाच. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने तिथे २०१८ साली पाहणी केली. झारखंडाच्या त्या भागात ६ ते १४ वर्षांची चार हजारांवर मुले शाळेत जात नाहीत, असे दिसले.

धूळ

खाणीवर आणखी एक चोर आहे. तो म्हणजे धूळ. क्रशरची बारीक धूळ श्वासाबरोबर छातीत जाते आणि परत बाहेर येत नाही. ज्या दगडात गारेचा अंश जास्त, त्याची धूळ फार वाईट. तिने सिलिकोसिस नावाचा रोग होतो. आपल्या काळ्या दगडात गारेचा अंश कमी असतो. तरी कोणतीही दगडाची धूळ छातीला चांगली नाही. सिलिकोसिसने खोकला येतो, दम लागतो. पुष्कळदा त्याला क्षयच समजतात. क्षय औषधाने बरा होतो. सिलिकोसिस बरा होत नाही. तो होऊ नये एवढेच हाती असते. दगडावर पाणी मारून काम केले तर धूळ कमी उडते.

बाप अंथरुणाला लागला की घण कोणाच्या हातात जातो? थोरल्या पोराच्या. म्हणून बापाची छाती आणि पोराची शाळा या एकाच दोरीने बांधलेल्या आहेत.

एका पत्राची गोष्ट

आता एक खरी गोष्ट ऐका. दिल्लीजवळ हरियाणात फरीदाबाद जिल्हा आहे. तिथे पुष्कळ दगडखाणी होत्या. परगावचे मजूर बायकापोरांसह तिथे राबत होते. प्यायला स्वच्छ पाणी नव्हते. धूळ नाकातोंडात जात होती. उचलीमुळे खाण सोडून जाता येत नव्हते.

बंधुआ मुक्ती मोर्चा नावाच्या संघटनेने त्या खाणी पाहिल्या. १९८२ साली तिने सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती भगवती यांना एक पत्र लिहिले. मजुरांची नावेनिशी हकीगत त्यात लिहिली. कोर्टाने ते पत्रच अर्ज म्हणून दाखल करून घेतले आणि खरे-खोटे पाहायला दोन वकिलांना खाणीवर धाडले.

१६ डिसेंबर १९८३ रोजी निकाल लागला. कोर्टाने सरकारला पुष्कळ हुकूम केले. मजुरांना स्वच्छ पाणी मिळावे. धूळ उडू नये म्हणून उपाय करावेत. मजुरी मजुराच्याच हातात द्यावी. मजुरांना त्यांचे हक्क समजावेत म्हणून खाणींजवळ शिबिरे भरवावीत. आणि आणखी एक हुकूम असा, की ट्रक खऱ्या मापापेक्षा जास्त भरला आहे का, हे अधिकाऱ्यांनी आठवड्यातून एकदा तरी अचानक जाऊन पाहावे.

पाहिलेत? आपण आत्ता वहीत जो हिशेब केला, तोच हिशेब देशाच्या सगळ्यात मोठ्या कोर्टाने केला. ट्रॉलीच्या फळीवरची खडी ही क्षुल्लक गोष्ट नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. कोर्टाने १९९१ साली पुन्हा चौकशी पाहिली, तेव्हा फारसा फरक पडलेला नव्हता. हुकूम झाला म्हणजे काम झाले असे नाही. हुकुमामागे लागणारी माणसे लागतात. ती माणसे लिहिती-वाचती असावी लागतात.

कायदा काय म्हणतो

एवढे पाठ करून ठेवा.

१. आपली राज्यघटना सांगते, की १४ वर्षांखालील मुलाला कारखान्यात किंवा खाणीत कामाला लावता येत नाही.

२. बालमजुरीचा कायदा १९८६ चा आहे. तो २०१६ साली आणखी कडक झाला. १४ वर्षांखालील मुलाला मजुरीला लावणे हा गुन्हा आहे. दगडखाणीसारख्या धोक्याच्या कामावर १८ वर्षांखालीलही चालत नाही.

३. खाण लहान आहे म्हणून मुले चालतात, असे कोणी म्हणेल. ते खरे नाही. १९५२ सालच्या खाण कायद्यातही लहान खाणींना काही कलमांची सूट होती, पण मुलांच्या कलमाची नव्हती.

४. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू आहे. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला फुकट शिक्षण मिळालेच पाहिजे. जन्माचा दाखला नाही किंवा आधीच्या शाळेचा दाखला नाही, म्हणून शाळेला मुलाला परत पाठवता येत नाही.

५. मागे पडलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात घ्यायचे आणि राहिलेले वेगळे शिकवायचे, असे हाच कायदा सांगतो. म्हणजे बारा वर्षांच्या पोराने दुसरीत बसायला नको.

६. उचलीपायी माणसाला बांधून ठेवणे म्हणजे वेठबिगारी. १९७६ च्या कायद्याने ती बंद केली आहे.

आपण काय करावे

गाव सोडताना शाळेत जा. मुख्याध्यापकांना सांगा, "आम्ही अमक्या ठिकाणी कामाला चाललो." शिक्षण हमी पत्रक मागून घ्या. पोर कितवीत आहे आणि काय शिकले आहे, ते त्यात लिहिलेले असते. ते नव्या शाळेत दाखवायचे.

आजी-आजोबा गावात असतील तर पोरांना त्यांच्याकडे ठेवता येईल का पाहा. गावात हंगामी वसतिगृह आहे का, याचीही चौकशी करा.

खाणीवर दहा-बारा घरे असतील तर बाळे सांभाळायला एका म्हातारीला बसवा. सगळ्यांनी तिला थोडे थोडे द्यावे. एका म्हातारीपायी दहा पोरी शाळेत जातात. जवळ अंगणवाडी असेल तर धाकटी पोरे तिथे घाला.

शाळा लांब असेल तर सगळ्यांनी मिळून शाळा मागा. शाळा खाणीपर्यंत येऊ शकते. पुणे जिल्ह्यात वाघोलीच्या बाजूला दगडखाणी आहेत. तिथे संतुलन नावाच्या संस्थेने १९९७ साली खाणमजुरांच्या मुलांसाठी काम सुरू केले. खाणीजवळच वर्ग भरवले. त्या वर्गांना पाषाण शाळा असे नाव पडले.

एक वही करा. तीत रोज लिहा: तारीख, खेपा, ब्रास, मिळालेले पैसे, घेतलेली उचल. ट्रॉलीचे माप एकदा टेपने घ्या आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. भांडण करायची गरज नाही. तुमच्या हातात वही दिसली की मुकादमाचा हात आपोआप फळीवर थांबेल. एकाने वही काढली तर त्याला कामावरून काढतील. म्हणून सगळ्यांनी मिळून काढा.

मूल कामावर राबताना दिसले तर १०९८ या नंबरावर फोन करा. या फोनला पैसे पडत नाहीत.

अर्जाचा नमुना

पत्राने कोर्ट हलले. तुमच्या अर्जाने शाळा का हलणार नाही? हा नमुना वहीत उतरवून घ्या.

*मा. मुख्याध्यापक यांस,*

*आम्ही कामासाठी या गावाजवळच्या दगडखाणीवर राहायला आलो आहोत. माझी मुलगी ९ वर्षांची आहे. गावी ती तिसरीत होती. तिचे नाव आपल्या शाळेत घालावे. दाखला अजून मिळालेला नाही. मिळताच आणून देईन. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे दाखल्यासाठी तिचे शिक्षण थांबू नये, ही विनंती.*

*आपला,*
*(सही)*

सही करा, अंगठा नको. अर्जाच्या दोन प्रती करा. एक शाळेत द्या. दुसरीवर पोचेची सही घ्या आणि ती जपून ठेवा.

प्रश्न

१. पाटी या शब्दाचे दोन अर्थ कोणते?

२. मुलाची शाळा सुटण्याच्या पाच पायऱ्या सांगा. तुमच्या वस्तीत कोणते मूल कोणत्या पायरीवर आहे?

३. एक ट्रॉली १२ फूट लांब, ५ फूट रुंद आणि २ फूट उंच आहे. ती फळीबरोबर भरली तर किती घनफूट खडी होईल? १ ब्रासपेक्षा किती जास्त?

४. फरीदाबादच्या निकालात ट्रकच्या मापाबद्दल काय हुकूम होता?

५. वर्गात सगळ्यांनी मिळून ठरवा: आपल्या वस्तीतली बाळे दिवसा कोण सांभाळील?